‘फिरायला चाललोय म्हणून सांगा’ म्हणणाऱ्या टीमबरोबर जावं का?

पत्र

मी जालन्यात राहते, वय २७. जीएनएम करून एका खासगी दवाखान्यात नोकरी करते. आमच्या चर्चच्या मंडळीतून बारा जणांची टीम फेब्रुवारीत १४ दिवसांसाठी युगांडाला चाललीय. तिथल्या एका चर्चच्या मदतीनं दक्षिण सुदानहून आलेल्या निर्वासितांमध्ये मेडिकल कॅम्प, मुलांचे कार्यक्रम आणि सभा घ्यायचं ठरलंय. मला नर्स म्हणून निवडलंय. माणशी १ लाख ८५ हजार रुपये भरायचेत, त्यातले अर्धे या महिन्याअखेर. थोडी मदत मंडळी करणार, बाकीच्यासाठी सोनं गहाण ठेवावं म्हणते. पासपोर्ट अजून काढलेला नाही. टीमचे प्रमुख म्हणतात, विमानतळावर कुणी विचारलं तर फिरायला चाललोय एवढंच सांगायचं. बाबा म्हणतात, इथं काय गरिबी कमी आहे का, की युगांडाला जायचं? मला मनापासून जायचंय, पण तयारी काय करायची, इंजेक्शनं कोणती घ्यायची, सोबत काय न्यायचं, कुणी नीट सांगत नाही. काय करू?

उत्तर

ताई, जायला हरकत नाही. पण ‘फिरायला चाललोय’ हे वाक्य जोवर टीमच्या तोंडी आहे, तोवर एक रुपया भरू नका.

युगांडाचा टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो, फी ५० डॉलर. तो फिरायला आणि पाहुण्यांकडे जायला. मिशनरी आणि स्वयंसेवक म्हणून काम करायला येणाऱ्यांसाठी तिथल्या इमिग्रेशन खात्यात परवान्याचा वेगळा वर्ग आहे. तुमच्या १४ दिवसांच्या टीमनं नेमकं कशावर यायचं, हे यजमान चर्चनं त्या खात्याला विचारून तुम्हाला लेखी कळवायचं असतं. हे काम त्यांचंच आहे आणि नेहमी बाहेरच्या टीम बोलावणाऱ्या चर्चला ते चांगलं ठाऊक असतं. खोटं सांगून निभावेल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एंटेबेच्या विमानतळावरचं दृश्य डोळ्यांपुढं आणावं. एकाच तिकिटावरचे बारा जण, बॅगांत स्टेथोस्कोप, बीपीची मशिनं आणि गोळ्यांची खोकी. पहिला म्हणतो फिरायला, तिसरा म्हणतो चर्चचं काम, सातव्याला इंग्रजी प्रश्नच कळत नाही. मग सगळ्यांना बाजूला बसवतात. तुम्ही पुढच्या विमानानं परत याल, पण ज्या चर्चनं बोलावलं त्याचं नाव तिथल्या खात्याच्या कागदांवर कायमचं लागेल.

दुसरा कागद निर्वासित वस्तीचा. युगांडात निर्वासितांचा कारभार पंतप्रधान कार्यालयाकडे आहे. वस्तीत जाऊन काही करायचं तर त्या कार्यालयाचं परवानगीपत्र लागतं आणि वस्तीवरच्या अधिकाऱ्याला, ज्याला तिथं कमांडंट म्हणतात, ते दाखवावं लागतं. फोटो काढायचे असतील तर त्याचा उल्लेखही त्या पत्रात हवा. यजमान चर्चकडून आलेल्या आमंत्रणात वस्तीचं नाव, तारखा, बारा जणांची नावं आणि प्रत्येकाचं काम नसेल, तर ते आमंत्रण नव्हे, नुसतं शुभेच्छापत्र.

आता क्रम. तो चुकला की सगळंच अडतं. आधी पासपोर्ट, मग यलो फीव्हरची लस, मग व्हिसा, कारण युगांडाच्या ऑनलाइन अर्जाला लसीचा दाखला जोडावा लागतो आणि त्या दाखल्यावर पासपोर्ट नंबर लागतो. पासपोर्टची साधी फी १५०० रुपये, तत्काळचे आणखी २०००. तुमच्याकडे वेळ आहे, तत्काळच्या मागं लागू नका. जिथं खरोखर राहता तोच पत्ता अर्जात लिहा. आधारवर माहेरचं गाव, प्रत्यक्षात मुक्काम हॉस्टेलवर, आणि पोलीस चौकशीला आले तेव्हा घराला कुलूप, एवढ्यावरून कितीतरी पासपोर्ट महिनोन् महिने लटकतात. दहावीची सनद जोडा, म्हणजे पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी नोकरीला जाताना सरकारी तपासणी लागण्याचा, शिक्का येणार नाही.

यलो फीव्हरची लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. केंद्र सरकारनं नेमलेल्या केंद्राचाच शिक्का मानतात. पुण्यात बी. जे. मेडिकल कॉलेज, मुंबईत बंदर आणि विमानतळाच्या आरोग्य कार्यालयांची केंद्रं. वार ठरलेले असतात आणि आधी नंबर लावावा लागतो, तेव्हा सुट्टी टाकण्याआधी तारीख पक्की करा. एक डोस आयुष्यभर पुरतो. मात्र दाखला टोचल्यानंतर १० दिवसांनी लागू होतो, नवव्या दिवशी पोचलात तर तो नसल्यासारखाच. हा दाखला म्हणजे एक पिवळं कार्ड असतं, ते परत येतानाही लागतं. युगांडाहून आलेल्या माणसाकडे ते नसेल तर आपल्याच विमानतळावरून थेट विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. म्हणून कार्ड पासपोर्टबरोबर हातातल्या बॅगेत ठेवा, सुटकेसमध्ये नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्ती दबवणारी औषधं चालू असतील तर ही लस देत नाहीत. साठीच्या पुढच्यांना डॉक्टरांनी विचार करूनच द्यायची असते. तुमच्या टीममध्ये मंडळीतले कुणी वयस्कर असतील तर त्यांना हे आताच सांगा, तिकीट काढल्यावर नको.

बाकीच्या लसींत टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वात-घटसर्पाचा बूस्टर घ्या. उत्तर युगांडा मेंदूज्वराच्या पट्ट्यात येतो आणि फेब्रुवारी हा तिथला कोरडा, धुळीचा महिना, म्हणून मेनिन्गोकॉकलची लसही घ्यावी. हिपॅटायटिस बी तुम्ही नर्सिंगला असताना घेतली असेलच, पण ती लागू पडली का, हे किती जणींनी तपासलंय? अँटी-एचबीएस ही रक्ताची तपासणी करून घ्या. आकडा १० च्या वर हवा.

मलेरियाच्या बाबतीत मात्र हयगय नको. आपल्याकडच्या सवयीनं एखादा डॉक्टर क्लोरोक्विन लिहून देईल. ते तिथं उपयोगाचं नाही, तिथल्या फाल्सिपॅरम जंतूवर ते चालत नाही. सोयीचं आणि स्वस्त पडतं ते डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, रोज एक. जाण्याआधी दोन दिवस, तिथले १४ आणि परत आल्यावर २८, अशा ४४ गोळ्या. परतल्यावरचे २८ दिवस लोक हमखास सोडतात आणि नेमकं तेव्हाच दुखणं येतं. गोळी भरल्या पोटी, ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची आणि अर्धा तास आडवं पडायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटून निघते. दूध किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी सोबत घेतली तर औषध अंगी लागत नाही. ऊन लवकर चटका देतं, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे. गरोदरपणात हे चालत नाही. दुसरा पर्याय अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. तिथून परतल्यावर ती सातच दिवस घ्यावी लागते, म्हणजे एकूण २३ गोळ्या, पण ती महाग आहे आणि इकडं सहज मिळत नाही. मेफ्लोक्विन आठवड्याला एकच असते, मात्र ज्यांना कधी नैराश्याचा किंवा फिट्सचा त्रास झालाय त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. कोणती घ्यायची ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा आणि निघण्याच्या कितीतरी आधी ठरवा. गोळ्या चालू असल्या तरी औषध लावलेली मच्छरदाणी आणि डीईईटीचं मलम हवंच.

पैशाकडे येऊ. १ लाख ८५ हजार हा आकडा जास्त की कमी, हे हिशेब पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तुमच्या पत्रात हिशेब नाही. प्रमुखांकडे कागदावर मागा. विमानतिकीट किती, व्हिसा, लसी, विमा, तिथली गाडी, मुक्काम-जेवण, आणि ‘सेवेसाठी’ म्हणून वेगळी रक्कम असेल तर ती कुणाच्या हाती जाणार. पैसे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टच्या बँक खात्यात भरायचे आणि पावती घ्यायची. कुणाच्या मोबाइल नंबरवर नव्हे, मग तो पाळकसाहेबांचा का असेना. ट्रिप रद्द झाली तर काय परत मिळणार, तेही लिहून घ्या. यात अविश्वासाचं काही नाही. ज्यांचा हिशेब सरळ असतो ते हा कागद मागण्याआधीच देतात.

‘मंडळी काही मदत करणार’ यातही एक खोच आहे. आपल्या धर्मादाय ट्रस्टनं देशाबाहेर खर्च केलेल्या पैशाला आयकराची सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी लागते. रविवारच्या अर्पणातले पैसे गोळा करून बारा जणांच्या पाकिटांत वाटून नेणं म्हणजे ट्रस्टच्या ऑडिटरला संकटात टाकणं. एका प्रवाशाला एका खेपेला ३००० डॉलरपर्यंत रोख परकीय चलन नेता येतं, पण ते त्याच्या स्वतःच्या प्रवासासाठी. तिथल्या चर्चला काही द्यायचंच असेल तर ते बँकेतून, कागदावर. तुमच्या खर्चाच्या डॉलरचं म्हणाल तर ५० आणि १०० च्या नव्या, न मुडपलेल्या नोटा घ्या. कंपालातले मनी चेंजर जुन्या सालाच्या, डाग पडलेल्या किंवा लहान नोटांना कमी भाव देतात किंवा सरळ नाकारतात.

आणि सोनं गहाण ठेवू नका. चौदा दिवसांच्या सेवेसाठी वर्षभर व्याज भरायची वेळ आली तर ते ओझं शेवटी बाबांवरच पडेल. मंडळीपुढं हात पसरायला संकोच वाटत असेल, तर पुढच्या वर्षीच्या टीममध्ये जा. निर्वासित तोवर घरी परतलेले नसतील, दुर्दैवानं.

आता तुमच्या कामाचं. पत्रातला सगळ्यांत नाजूक भाग हाच आहे आणि तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची तुमची नोंदणी युगांडात चालत नाही. तिथं रुग्णाला इंजेक्शन द्यायचं, सलाइन लावायचं, औषध द्यायचं तर युगांडाच्या नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिलची नोंदणी लागते. त्यासाठी इथल्या नोंदणीची चालू प्रत, गुड स्टँडिंगचं, म्हणजे तुमच्याविरुद्ध तक्रार नसल्याचं, प्रमाणपत्र आणि शिक्षणाचे कागद यजमानामार्फत पाठवावे लागतात, त्याला वेळ जातो. डॉक्टरांसाठी त्यांचं कौन्सिल वेगळं. ‘चर्चचा कॅम्प आहे, कोण विचारतंय’ असं कुणी म्हणालं तर त्यांना जिंजा शहराचं सांगा. तिथं वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका परदेशी मिशनरी बाईंच्या केंद्रात कुपोषित मुलं दगावली, म्हणून २०१९ साली दोन आया कोर्टात गेल्या. आरोप मान्य न करता २०२० मध्ये तडजोड झाली. तेव्हापासून परदेशी मिशनच्या दवाखान्यांकडे तिथं बारीक नजरेनं पाहिलं जातं, आणि ते योग्यच आहे.

तुम्ही शिकलेल्या आहात हे खरं, पण शिकलेल्या हातूनही कॅम्पमध्ये चुका होतात. एकच उदाहरण घ्या. आई पोर पुढं करते, दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली तर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, म्हणजे लाल. डोळे खोल, कातडी सैल. आपला हात सवयीनं सलाइनकडे जातो. अतिकुपोषित मुलाला शॉक नसताना शिरेतून पाणी दिलं तर हृदयावर ताण येऊन ते दगावू शकतं. त्याला एफ-७५ चं दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा द्यावं लागतं, सोबत साखर आणि शरीराचं तापमान सांभाळावं लागतं. हे झाडाखालच्या टेबलावर होत नाही. तिथून जवळच्या हेल्थ सेंटरला पोचवायचं, हेच त्या कॅम्पचं काम. युगांडात सरकारी दवाखान्यांना क्रमांक असतात. हेल्थ सेंटर टू म्हणजे छोटं, थ्रीमध्ये बाळंतपण होतं, फोरमध्ये ऑपरेशन. तुमच्या वस्तीपासून थ्री आणि फोर किती लांब, गाडी कुणाची आणि डिझेलचा खर्च कोण करणार, हे निघण्याआधी विचारा. उत्तर आलं नाही तर कॅम्प घेऊ नका.

एका दिवसाच्या शिबिराची खोड आपल्याकडेही आहे. रांग लावायची, बीपी मोजायचं, १८०/११० निघालं की महिनाभराच्या गोळ्या हातात द्यायच्या आणि निघून जायचं. महिन्यानंतर काय? तिथं गावोगाव व्हीएचटी म्हणजे व्हिलेज हेल्थ टीमचे स्वयंसेवक असतात, आपल्या आशाताईंसारखे. त्यांना धरून केलेलं काम मागं राहतं. ओआरएस कसं कालवायचं, बाळंतिणीची कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही, पट्टीनं दंड कसा मोजायचा, बीपीच्या रुग्णांची वही कशी ठेवायची, हे तुम्ही त्यांच्यासोबत बसून करू शकता. नोंदणी वेळेत आली तर हेल्थ सेंटरच्या इन-चार्जच्या देखरेखीखाली हातचं कामही करा. नाही आली तर नाव लिहिण्याच्या टेबलावर बसा. त्यात कमीपणा काही नाही. सुई टोचण्याचा धोका असेल त्या कामाआधी एचआयव्हीचा संसर्ग टाळायची पीईपी औषधं कुठल्या केंद्रात, कुणाच्या ताब्यात आहेत ते पाहून ठेवा. ७२ तासांच्या आत, खरं तर पहिल्या काही तासांत सुरू व्हायला हवीत आणि पूर्ण २८ दिवस. हे तुम्हाला नवं नाही, पण अनोळखी ठिकाणी रात्री आठला कपाटाची किल्ली कुणाकडे असते हे कुणालाच माहीत नसतं.

औषधांची खोकी म्हणाल तर एमआरनं दिलेली सॅम्पलं, मुदत संपत आलेला माल आणि सुट्या गोळ्यांच्या पिशव्या नेऊ नका. दान म्हणून न्यायच्या औषधांना युगांडाच्या नॅशनल ड्रग अथॉरिटीची आधी परवानगी लागते. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक असा की पोचताना मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी आणि नाव जेनेरिक, वाचता येईल असं. नाही तर कस्टम अडवतं, आणि नष्ट करायचा खर्च यजमानावर पडतो. त्यापेक्षा तेच औषध कंपालातल्या घाऊक दुकानातून घेणं बरं. तुमची स्वतःची औषधं मूळ पट्टीत, चिठ्ठीसह न्या.

वस्तीत पोचल्यावर काटेरी तारांची छावणी दिसेल अशी अपेक्षा असेल तर चकित व्हाल. युगांडात १५ लाखांहून जास्त निर्वासित आहेत, मुख्यतः दक्षिण सुदान आणि काँगोचे. २००६ च्या कायद्यानं त्यांना काम करायचा आणि देशात फिरायचा हक्क दिलाय. बिडीबिडीसारख्या वस्त्या म्हणजे मैलोन् मैल पसरलेल्या झोपड्या, मधे शेतीचे लहान तुकडे आणि शेजारीच स्थानिक गावं. तिथं मदतीचा काही भाग आजूबाजूच्या गावकऱ्यांसाठीही ठेवण्याची रीत आहे, कारण सरपण, पाणी आणि शाळा दोघांनाही त्याच लागतात. फक्त निर्वासितांना वाटप करून निघून गेलात तर मागं भांडण लावून जाल. रेशन गेल्या काही वर्षांत बरंच कापलं गेलंय, म्हणून बिस्किटांचा पुडा फोडला तरी गर्दी उसळते आणि पायाखाली पोरं येतात. काहीही वाटायचं नाही, असाच नियम टीमनं ठेवावा. द्यायचं ते निर्वासितांच्या निवडलेल्या समितीमार्फत, यादीनुसार. टॉफ्या, जुने कपडे, मुलांना मांडीवर घेऊन फोटो, हे सगळं टाळा. मुलाचा चेहरा आणि वस्तीचं नाव एकत्र फेसबुकवर गेलं की ज्यांच्यापासून ते कुटुंब पळालंय त्यांनाही ते दिसतं. आईवडिलांना विचारल्याशिवाय एकही फोटो नको, आणि वस्ती सोडल्यावरच पोस्ट करायचा.

‘सभा’ म्हणून जे ठरलंय त्याबद्दल थोडं कडू बोलतो. युगांडात दहापैकी आठांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. १८८६ साली नामुगोंगोला तरुणांना विश्वासापायी जिवंत जाळलं गेलं, त्यांच्या स्मरणार्थ दर ३ जूनला तिथं प्रचंड यात्रा भरते. दक्षिण सुदानहून आलेले निर्वासितही बहुतांशी चर्चमध्ये वाढलेले. तेव्हा आपण सुवार्ता पोचवायला चाललोय हा भाव जालन्यातच ठेवून जा. तिथं तुम्ही त्यांच्या मंडळीतले पाहुणे. उपासना तीन-चार तास चालते, बोलायला सांगितलं तर दुभाषामुळे निम्मा वेळ जातो, म्हणून वाक्यं लहान आणि मुद्दे दोनच. औषध आधी आणि प्रार्थना नंतर, किंवा प्रार्थनेला बसला तरच औषध, अशी सांगड चुकूनही घालू नका. १९९४ मध्ये रेड क्रॉस आणि मोठ्या मदतसंस्थांनी मिळून जी आचारसंहिता केली, तिच्यात मदत धर्मप्रसारासाठी वापरायची नाही असं स्पष्ट लिहिलंय, आणि ती पुरस्कृत करणाऱ्यांत कारितास आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. रांगेत मुसलमान असतील, त्यांच्या मागं कुणी ट्रॅक्ट, म्हणजे धर्माची पत्रकं, घेऊन लागू नये.

रोजचं राहणं अवघड नाही. मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो, वाफवलेल्या केळ्यांचं मटोके, घेवडा, शेंगदाण्याचं कालवण. चपाती तर त्यांच्याकडेही चपातीच, आणि तिच्यात ऑम्लेट गुंडाळलं की त्याला रोलेक्स म्हणतात. शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा न्या, पण सुटकेसमध्ये, तेल न गळणाऱ्या डब्यात. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. सलवार-कमीज चालतो, गुडघा झाकलेला हवा. विजेचा सॉकेट तीन चौकोनी दांड्यांचा असतो, इकडची पिन बसत नाही, ॲडॅप्टर घ्या. वस्तीत वीज नसतेच म्हटलं तरी चालेल, डोक्याला लावायची बॅटरी आणि पॉवर बँक लागेल. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. सिम पासपोर्ट दाखवून मिळतं, आपली एअरटेल तिथंही आहे.

दोन गोष्टींना मात्र साफ नाही म्हणायचं. बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल. बाहेरून आलेल्यांची हाडं बहुधा तिच्यावरूनच मोडतात, आणि बिडीबिडी जिथं आहे त्या वायव्येकडच्या वेस्ट नाइल भागातून कंपालाच्या मोठ्या दवाखान्यात यायला दिवस जातो. त्याच कारणानं टीमची गाडी अंधार पडल्यावर रस्त्यावर नको. दुसरी, नदी-तळ्यात उतरणं. व्हिक्टोरिया सरोवर असो की नाइलचा काठ, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमधून बिल्हार्झिया या कृमीरोगाचे जंतू कातडीतून शिरतात. बाप्तिस्म्याचा कार्यक्रम नदीत ठेवलाय असं ऐकलंत तर काठावर उभ्या राहा. विमा घेताना दोन ओळी शोधा, मेडिकल इव्हॅक्युएशन आहे का, आणि स्वयंसेवी किंवा वैद्यकीय काम करताना झालेली इजा वगळलेली तर नाही ना. स्वस्त पॉलिसीत हमखास वगळलेली असते. निघण्याआधी आठवडाभर इबोलाच्या बातम्या पाहत राहा. २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या सुरुवातीला तिथं साथ आली होती. अशी साथ जाहीर झाली तर नर्सनं शिबिराला जाऊ नये, तिकिटाचे पैसे बुडाले तरी.

मुंबईला आदल्या दिवशी पोचा. देवगिरीनं सकाळी दादरला उतरून त्याच दुपारच्या विमानाचा भरवसा धरू नये, कसाऱ्याच्या घाटात गाडी कधी थांबेल सांगता येत नाही.

बाबांचा प्रश्न झटकून टाकू नका. ऊसतोडीच्या कोयत्यावर गेलेल्या बायकांच्या कोपीत बाळंतपणं होतात, बीडमध्ये तरुण बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. फेब्रुवारी म्हणजे ऐन गळीत हंगाम, जालन्यापासून तासाभरावर टोळ्या उतरलेल्या असतात. एक सुचवतो. टीमनं डिसेंबर आणि जानेवारीत चार रविवार अशाच एका फडावर घालवावेत. व्हीएचटीसोबत जे करायचं तेच तिथल्या आशासोबत करून पाहा. कोण रांग सांभाळतो, कोण चिडतो, कुणाला लोकांचं ऐकून घेता येतं, सगळं कळेल. ज्यांना फडावर यायला रविवार मिळत नाही त्यांना युगांडाचे १४ दिवस कसे मिळतात, हेही प्रमुखांना विचारता येईल. रेव्ह. नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल वसवलं, तेव्हा मदत परदेशातून आली, पण काम इथं राहून इथल्या भाषेत झालं. युगांडातही राहणारे लोक तिथलेच आहेत, तुम्ही त्यांना एक जोड हात.

परत आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर अंगावर काढू नका आणि दवाखान्यात पाय ठेवताच ‘मी युगांडाहून आलेय’ हे पहिलं वाक्य बोला. नाही तर आपल्याकडे डेंग्यू, टायफॉइड तपासून पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात, आणि फाल्सिपॅरम दोन दिवसांत मेंदूपर्यंत जातो. मलेरियाचा स्मिअर आणि रॅपिड टेस्ट त्याच दिवशी, निगेटिव्ह आली तरी पुन्हा. छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, म्हणजे घाटीत, पाठवायची वेळ आली तर गोळ्या कोणत्या आणि किती दिवस घेतल्या, ते चिठ्ठीवर लिहून न्या. चुकून तळ्यात उतरला असाल तर आठ-बारा आठवड्यांनी बिल्हार्झियासाठी तपासणी करून घ्या.

ता. क. मंडळीत तुमचं बाप्तिस्म्याचं नाव वेगळं आणि शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं असेल, तर टीमच्या यादीत दाखल्यावरचंच द्या. पासपोर्ट, तिकीट, व्हिसा, पिवळं कार्ड आणि यजमानाचं पत्र, पाचही ठिकाणी तेच नाव, त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं. वडिलांचं नाव मधे कुठं आलं आणि कुठं नाही, हेही आताच जुळवून घ्या.